शनिवारच्या सहा ओळी

सकाळी ६.१०

नीलगिरी सर्कलवरून आत वळलं की सुरतमधल्या लिंबायतच्या गल्ल्या लागतात. ओट्यांवर पाण्याची पिंपं, डोक्यावर दोरीला वाळत घातलेले कपडे, दारादाराशी साड्यांची पोटली. कानावर अहिराणी. अमळनेर, शिरपूर, शहादा, नंदुरबारकडची ही माणसं. तिकडून ताप्ती लाइनची गाडी धरायची आणि उधन्याला उतरायचं, ही वाट इथल्या घराघराला ठाऊक आहे.

ताईंची खोली दहा बाय बाराची, वर माळा. माळ्यावर माल, खाली माणसं. ताई माहेरच्या अमळनेरजवळच्या. सातवीपर्यंत शाळा, मग लग्न, मग सुरत. रिंग रोडच्या कापड मार्केटमधून त्या जॉबवर्क आणतात. स्टोन चिकटवायच्या साड्या आणि धागा कटिंगच्या साड्या. गल्लीतल्या पाच जणींना वाटतात, तयार माल गोळा करतात, परत पोचवतात. मधल्या वेळात स्वतःही चिकटवतात.

इतकी वर्षं रोजची यादी पुठ्ठ्यावर असायची. साडीच्या घडीत घालतात तोच पुठ्ठा. बॉलपेननं ओळी लिहायच्या, काम झालं की खोडायच्या. मागच्या महिन्यात असा एक पुठ्ठा तयार मालाबरोबर मार्केटला गेला. त्याच्यावर लिहिलेला एक लॉट दिवसभर मागे राहिला. शेठनं त्या लॉटचे पैसे कापले. तेव्हा मुलगा म्हणाला, मम्मी, यादी मोबाईलमध्ये ठेव.

सकाळी ६.४०

मुलगा मजुरा गेटच्या आयटीआयमध्ये कोपा करतो, म्हणजे कॉम्प्युटर चालवायचा कोर्स. रात्री त्यानं आईच्या फोनवर दोन ॲप टाकली. तिसरं फोनमध्ये आधीपासूनच होतं, गुगल कीप. ताईंनी ते कधी उघडलं नव्हतं. तिन्हींत त्यानं आजच्या त्याच सहा ओळी लिहून ठेवल्यात:

स्टोन ६० गोळा
कटिंग १५० गोळा
पेमेंट
नवा लॉट
गम ५ बाटल्या
गॅस नोंदवणे

"दिवसभर तिन्ही वापर. रात्री एक ठेवू," तो म्हणतो.

फोन चार वर्षं जुना. एका कोपऱ्यात काच तडकलेली. मेमरी साड्यांच्या फोटोंनी भरलेली, कारण मार्केटमधून डिझाइन व्हॉट्सॲपवर येतं आणि कुठलं कधी लागेल सांगता येत नाही. नवी दोन ॲप बसावीत म्हणून मुलानं रात्री जुने व्हिडिओ काढून टाकले. त्यात भाच्याच्या हळदीचा एक होता. ताईंना ते सकाळी कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या कुणाकडे तो व्हिडिओ आहे का, ते विचारून ठेवलं.

सकाळी ७.२०

यजमान लूमवरून आले. उधन्याच्या बाजूला कारखाना, बारा तासांची रात्रपाळी. कानांत अजून मशीन चालू असतं म्हणून पहिला अर्धा तास ते मोठ्यानं बोलतात. चहा, दोन भाकरी, मिरचीचा ठेचा. नंतर माळ्याखाली सतरंजी टाकून झोप.

यातलं काहीच यादीत नाही. भाकरी, पाणी भरणं, धुणं, यजमानांचा डबा, काहीच नाही. मी विचारलं. ताई म्हणाल्या, "जे हात आपोआप करतात ते कशाला लिहायचं?" मला हे फार पटलं. कामाच्या याद्या फुगतात त्या इथेच. दात घासल्याचीसुद्धा खूण करायला लावणारी ॲप मी पाहिली आहेत. खुणा भरपूर होतात, आणि ज्या एका गोष्टीसाठी यादी केली ती तळाला जाते.

सकाळी ८.००

गोळा करायची फेरी. खांद्यावर चादर, हातात वही.

पहिलं दार. "कितल्या शेतस व?" ताई विचारतात. बाई साड्या पुढे सरकवते. वीस वीसच्या चळती. ताई प्रत्येक चळतीतली वरची, मधली आणि खालची साडी उलगडतात. स्टोनवरून तळहात फिरवतात. सुटा स्टोन हाताला लागतो, डोळ्याला दिसत नाही. दोन साड्या बाजूला निघाल्या. बाईनं त्या तिथल्या तिथे मांडीवर घेतल्या.

आकडा वहीत गेला. दार, तारीख, नग, दर. फोनमध्ये नाही. मुलानं सुचवलं होतं की पहिल्या ॲपमध्ये प्रत्येक बाईच्या नावाचा कप्पा करता येतो आणि कप्प्यात नग लिहिता येतात. ताईंनी नको म्हटलं. वही दोघींसमोर उघडते. बाई वाचते, बोट ठेवते, कबूल करते. फोन एकटीच्या हातात असतो.

चौथ्या दाराला कटिंगचा माल. जरीच्या बुट्ट्यांमागे सुटलेले धागे कटरनं छाटायचे. कटर म्हणजे मुठीत मावणारी, दाबली की आपोआप उघडणारी छोटी कात्री. एका साडीचे तीन रुपये. खोलीभर धाग्यांचा भुसा उडालेला, बाईनं नाकाला ओढणी बांधलेली. पन्नास साड्या अजून व्हायच्या आहेत. अकरापर्यंत देते म्हणाली.

पहिलं ॲप ताईंना आता त्रास देतं. "कटिंग १५० गोळा" ही ओळ शंभर मिळाल्यावर कशी खोडायची? त्यात पोटकाम जोडता येतं, त्याला वेळ लावता येते, लाल-पिवळा झेंडा देता येतो. मुलानं रात्री झेंडे समजावले होते. लाल म्हणजे अर्जंट. ताई म्हणाल्या होत्या, "सगळाच माल अर्जंट असतो बेटा." कीपमध्ये त्यांनी १५० खोडून ५० केलं. काम झालं.

सकाळी ९.२०

दीड तास स्टोन. ताई भिंतीला पाठ लावून बसतात. लाकडी पाटावर साडी ताणायची. टोकदार तोंडाच्या बाटलीतून गमचा ठिपका. मेण लावलेल्या काडीनं स्टोन उचलायचा, ठिपक्यावर ठेवायचा, काडी हलकी वळवून सोडायचा. एका साडीला दोनशेच्या आसपास स्टोन. हात बसलेला असला तर अर्धा तास. गल्लीत या लॉटचा दर साडीला दहा रुपये. मार्केटमधून ताईंना चौदा मिळतात. मधल्या चारांत गम, रिक्षा, हमाल आणि ताईंचा दिवस.

गम बोटांवर सुकतो. अंगठ्यावर त्याचा पारदर्शक पापुद्रा धरतो आणि फोन ताईंचा अंगठा ओळखत नाही. मग आकडे दाबून उघडायचा. काचेवर बोट सरकवलं तरी निम्म्या वेळा लागत नाही. दुसऱ्या ॲपमध्ये काम झालं की ओळ उजवीकडे सरकवायची, डावीकडे सरकवली तर ती उद्यावर जाते. ताईंनी दोनदा सरकवली. "स्टोन ६० गोळा" उद्यावर गेली. परत आणायला तीन ठिकाणी दाबावं लागलं, तोवर ठिपक्यावरचा गम वाळला. तो नखानं खरवडून नवा लावला.

कीपमध्ये एक चौकोन आहे. त्याच्यावर दाबलं की ओळ खोडली जाते आणि खाली जाते. चुकून दाबलं तर पुन्हा दाबायचं. गम लागलेल्या हाताला जमेल इतकंच ते आहे. ॲप निवडायचं तर मी आता हीच परीक्षा लावेन: हातात काम असताना ते उघडतं का, आणि दुसऱ्या हातातलं काम न सोडता बंद होतं का.

सकाळी ११.१०

उरलेल्या पन्नास साड्या आल्या. तीन पोटली बांधली. चादरीचे चार कोपरे, दोन गाठी, वर सुतळी. रिक्षा ७० रुपये. एकट्या माणसाला शटल रिक्षा स्वस्त पडते, पण पोटल्यांसकट कुणी घेत नाही. ताई मधे बसतात, एक पोटलं मांडीवर, दोन बाजूंना. मी ड्रायव्हरशेजारी.

रेल्वेखालच्या गरनाळ्यात गर्दी अडली. पावसाळ्यात इथे पाणी भरतं, तेव्हा लांबून जावं लागतं आणि रिक्षावाला जास्त मागतो. आज कोरडं आहे. पुढे रिंग रोड. मिलेनियम, राधाकृष्ण, एकाला लागून एक मार्केटं. खाली टेम्पो, हातगाड्या, डोक्यावर पार्सलं घेतलेले हमाल. तीन पोटल्यांचे हमालाला ३० रुपये.

दुपारी १२.००

शेठची दुकानं वर, माल उतरवायचा तळघरात. गुमास्ता नग मोजतो, चलन फाडतो. ताई लॉट नंबर वहीतल्या नंबराशी जुळवून घेतात.

तळघरात नेटवर्क नाही. पहिलं ॲप उघडलं, पांढरा पडदा, मधे फिरणारं गोल. ते परत लॉगिन मागत होतं. दुसरं उघडलं, पण ओळींच्या वर जाहिरात यायची ती जागा रिकामी राहिली आणि ओळी निम्म्याच दिसल्या. कीप उघडलं. पहिल्या दोन ओळी खोडल्या गेल्या.

मग तिसरी ओळ. पेमेंट.

आठवड्याचा हिशेब वहीत तयार आहे. स्टोनच्या २४० साड्या, चौदानं ३,३६०. कटिंगच्या ६००, चार रुपयांनी २,४००. एकूण ५,७६०. शेठ चांगला माणूस आहे, ताईंना बेन म्हणतो, पाणी मागवतो. आज ३,००० देतो म्हणाला. बाकी सोमवारी. बाहेरगावच्या पार्टीचे पैसे अडकलेत. ताईंनी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा जरा थांबून विचारलं. तीन हजार मोजून कमरेच्या पिशवीत ठेवले.

ओळ खोडायची की नाही? ताई फोन धरून उभ्या राहिल्या. पैसे अर्धे आलेत, आणि पूर्ण येणं ताईंच्या हातात नाही. अशी ओळ यादीत राहिली तर ती रोज तशीच दिसत राहते आणि रोज तेवढीच बोचते. त्यांनी "पेमेंट" खोडलं आणि खाली नवं लिहिलं: "सोमवार शेठला २,७६० विचारणे." विचारणं त्यांच्या हातात आहे. सोमवारी विचारतील आणि खोडतील. देणं न देणं वहीत लिहिलं जाईल.

यादी कशी लिहावी यावर मी बरंच वाचलंय. एवढं स्वच्छ मला कुणी दाखवलं नव्हतं.

दुपारी १.३५

नवा लॉट घेऊन परत. लग्नसराईचा माल, वेटलेस कापडावर रुंद काठ, स्टोन जास्त. दर तोच. ताईंनी दीड रुपया वाढवून मागितला, गुमास्ता शेठकडे बोट दाखवतो, शेठ गुमास्त्याकडे. रिक्षा पुन्हा ७०. वाटेत गम, पाच बाटल्या, १७५. गॅस रिक्षातच नोंदवला. सहाच्या सहा ओळी खाली गेल्या. वर फक्त सोमवारची उरली.

दुपारी २.५०

मुलगा आला. वरण-भात, कांदा. यजमान झोपेतच कूस बदलतात. आम्ही हळू आवाजात बोलतो.

पहिल्या ॲपनं दुपारी मेसेज पाठवलाय. सगळ्या सोयी हव्या असतील तर महिन्याला १४९ रुपये. ताई मनात भागाकार करतात. दहा रुपयांनी पंधरा साड्या. साडेसात तास मान खाली. फोनचं २९९ चं रिचार्ज अठ्ठावीस दिवस जातं, ते वेगळं.

दुसरं ॲप गुण देतं. लागोपाठ किती दिवस यादी पुरी केली ते मोजतं. उद्या रविवार, मार्केट बंद. म्हणजे उद्या साखळी तुटणार, असं ते आजच कळवतंय. मुलाला हे आवडतं. ताईंना आवडलं नाही. "सुट्टीच्या दिवशी मला कोण बोलणार?"

मी मुलाला टूडू डॉट टीएक्सटीबद्दल सांगितलं. जीना ट्रपानी या बाईंनी २००६ मध्ये ते मांडलं. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक काम, बस. ती फाइल कुठल्याही मशीनवर उघडते. त्याला हे लगेच समजलं, कोपात नोटपॅड शिकवतात. मग वंडरलिस्टची गोष्ट. बर्लिनमध्ये तयार झालेलं, लाखो लोकांच्या हाती बसलेलं ॲप. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. सिंपल मोबाईल टूल्स म्हणून छोट्या, जाहिराती नसलेल्या ॲपचा एक संच होता, साधेपणासाठीच लोक तो वापरायचे. २०२३ च्या अखेरीस तोही विकला गेला. त्यावर आधी काम करणाऱ्या एकानं मग फॉसिफाय नावानं त्याची मोकळी प्रत पुढे चालवली.

ताई भांडी घासता घासता ऐकत होत्या. मुलानं विचारलं, "मग मम्मी, कीप बंद पडलं तर?"

"सहा ओळी तर आहेत. पुठ्ठ्यावर लिहीन."

माझ्या मते ॲप साधं आहे की नाही हे इथे ठरतं. त्याच्याकडे काय काय नाही याची जाहिरात वाचून ते कळत नाही. ते उद्या गेलं तर आपलं किती जातं, ते बघायचं. ताईंचं काहीच जात नाही, कारण हिशेब वहीत आहे, ओळख गल्लीत आहे, आणि फोनमध्ये फक्त आजचं आहे. ज्यानं ॲपमध्ये पाच वर्षांचे कप्पे लावून ठेवलेत त्याला ॲप बदलणं म्हणजे घर बदलणं होतं.

दुपारी ४.३०

नवा लॉट वाटायचा. दारोदार पुन्हा तीच फेरी, उलट्या दिशेनं. पहिल्या साडीवर ताई स्वतः एक बुट्टी करून दाखवतात. "काठाला दोन ओळी, मधे एक सोडून." प्रत्येकीला स्टोनची पुडी वजनानं. वहीत नग आणि पुडी.

एका घरात शिलाई मशीन चालू होतं. तिथे उभ्या उभ्या ताईंना उद्यासाठी ओळ घालायची होती. बोलून लिहायला गेल्या तर मशीनच्या आवाजात फोननं भलतंच लिहिलं. त्यांनी ते पुसलं आणि एका बोटानं टाइप केलं. "लेस बघणे." दोन शब्द. पुरे.

मी विचारलं, रात्री झोप लागते का? पूर्वी लागायची नाही, त्या म्हणाल्या. कुणाकडे किती साड्या अर्धवट आहेत ते डोळे मिटले की फिरायचं. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झाइगार्निक यांनी असंच काही तपासून १९२७ मध्ये छापलं होतं. त्यांना दिसलं की पुरं झालेल्या कामापेक्षा मधेच तोडलेलं जास्त लक्षात राहतं. ओळ लिहिली की ते फिरणं थांबतं का? ताई म्हणाल्या, पुठ्ठ्यावरही थांबायचं. लिहिल्यावर थांबतं, कशावर लिहिलं त्याला महत्त्व नाही.

सायंकाळी ६.३५

यजमान डबा घेऊन निघाले. पाळी सातची. जाताना त्यांनी दारातल्या पोटल्याला पायानं आत सरकवलं आणि मुलाला म्हणाले, दिव्याची ट्यूब बघ, लुकलुकतेय. ट्यूब यादीत आली.

सायंकाळी ७.१५

मुलानं फोन हातात घेतला. "बोल, कुठलं ठेवू?"

ताईंनी आधीच ठरवलेलं होतं. झेंडेवालं काढ, गुणवालं काढ. मुलाला पहिलं काढताना जरा वाईट वाटलं. त्यानं त्यात आईसाठी साडीच्या चित्राचा कप्पा केला होता. "ते तू वापर बेटा, तुझे विषय पुष्कळ आहेत," ताई म्हणाल्या. त्यानं स्वतःच्या फोनवर ठेवलं. त्याला पाच विषय, सबमिशन, क्रिकेट. त्याच्या कामाला कप्पे लागत असतील. एकाचं साधं दुसऱ्याला अपुरं पडतं, यात कुणाचंच चुकत नाही.

कीपची ती एकच नोट त्यानं फोनच्या पहिल्या पडद्यावर बसवली. उघडायचंही नाही, फोन चालू केला की समोर. ताईंनी आणखी एक अट घातली. ओळी सहाच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. सातवी आली तर आधी एक करून टाकायची, किंवा ते काम कुणाला तरी द्यायचं.

रात्री ८.३०

पगारवाटप. बाया एकेक करून येतात. वही उघडी, शेजारी फोन. फोनमध्ये पाच ओळी, प्रत्येक घराची एक. सोमवारची, ट्यूबची आणि लेसची ओळ मुलानं तात्पुरती वेगळ्या नोटमध्ये टाकलीय, सहाचा नियम पहिल्याच दिवशी मोडू नये म्हणून.

स्टोनच्या ८० साड्या, ८०० रुपये. ७० साड्या, ७००. कटिंगच्या ३५०, त्याचे १,०५०. कटिंगच्या २५०, त्याचे ७५०. बाई वहीत बोट ठेवते, पैसे मोजते, ताई चौकोनावर दाबतात. चौघींचे मिळून ३,३०० झाले. हातात तीनच हजार. ताईंनी डाळीच्या डब्यामागचा डबा काढला आणि ३०० घातले. शेठचे सोमवारी येतील, बायांना सोमवार सांगायचा नाही, हा ताईंचा रिवाज आहे.

आठवड्याचं ताईंचं काय उरलं? मधला फरक १,५६०. स्वतः केलेल्या चाळीस साड्यांचे ४००. त्यातून गम १७५, तीन फेऱ्यांची रिक्षा ४२०, हमाल ९०. उरले १,२७५. तेही कागदावर, कारण ते सगळे अजून शेठकडे आहेत.

पाचवी ओळ राहिली. स्टोनच्या ५० साड्या, ५०० रुपये. ती बाई दुपारच्या गाडीनं नंदुरबारला गेली, भावाकडे नवस आहे. सोमवारी परत येणार. ताईंनी ओळीच्या शेवटी "सोम" जोडलं, पाचशेची नोट वहीत त्या पानावर घातली आणि मुलाला ट्यूब आणायला पैसे दिले.